प्रवासात दमलेले पिलू

तापी नदीच्या खोऱ्यात, बऱ्हाणपूर जिल्ह्यात, फोपनार नावाचे एक गाव आहे. राज्य मध्य प्रदेश. परंतु या भागातील पुष्कळ घरांतून मराठी बोलली जाते आणि खानदेशाशी सोयरीक तर पिढ्यान्‌पिढ्यांची. केळीच्या बागांसाठी हा जिल्हा प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र फोपनार हे नाव निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. 1964 साली या गावाच्या भुईतून बुद्धाच्या प्राचीन धातुमूर्ती निघाल्या आणि पुढे त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. करुणेचा उपदेश करणाऱ्या त्या महापुरुषाच्या मूर्ती ज्या मातीने शतकानुशतके पोटात सांभाळल्या, त्याच मातीवरच्या एका फार लहान जिवाची ही हकिकत आहे. जीव एवढा लहान, की त्याचे वजन तीस-पस्तीस ग्रॅमच्या वर नसते. कोंबडीचे एक दिवसाचे पिलू, आणि तेही प्रवासाने थकून आलेले.

अशा गावातील एक घर डोळ्यांपुढे आणावे. घरात आजी, तिची विधवा सून आणि दहा वर्षांचा नातू. शेतीचा तुकडा लहान. सुनेने बचत गटातून थोडे पैसे उचलले आणि कडकनाथ जातीची पन्नास पिले मागविली. कडकनाथ ही झाबुआ भागातील काळी कोंबडी. पिसे काळी, कातडी काळी, मांसही काळसर. 2018 साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून या पक्ष्याला दूरदूरच्या गावांतून मागणी येऊ लागली. झाबुआहून इंदूर, इंदूरहून इच्छापूरच्या रस्त्याने बऱ्हाणपूर, आणि तेथून गाव, असा पेटीचा प्रवास ठरला होता. पेटी रात्री पोचावयाची, ती गाडी वाटेत खोळंबल्यामुळे दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर पोचली.

पेटी उघडली तेव्हा तीन पिले मेलेली होती. बहुतेक पिले किलबिलत होती. पाच पिले माना टाकून, डोळे मिटून पडली होती, आणि आणखी एकाचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले होते. ते उठावयास जाई आणि पोटावर आपटे. शेजारच्या एका गृहस्थाने पेटीत डोकावून व्यवहाराचा सल्ला दिला, “वहिनी, ही सहा आत्ताच बाजूला टाका. जगायची नाहीत ती.” सून गप्प राहिली. तिच्या डोळ्यांपुढे कर्जाचा हप्ता होता. नातवाने मात्र ते पाय फाकलेले पिलू ओंजळीत धरले आणि तो आजीकडे पाहू लागला. आजी म्हणाली, “टाकायचं की ठेवायचं ते उद्या बघू, बाळा. आधी त्याला ऊब दे.”

आजीच्या या एका वाक्यात पिलांच्या शुश्रूषेचे पहिले सूत्र सामावलेले आहे. आधी ऊब, मग पाणी, मग दाणा. हा क्रम उलटला, की जगणारे पिलूही दगावते.

एक दिवसाचे पिलू प्रवासाला धाडता येते, याचे कारण निसर्गाने त्याच्या पोटात बांधून दिलेली शिदोरी हे होय. अंडे उबविण्यास 21 दिवस लागतात. त्यांतील अखेरच्या दोन-तीन दिवसांत अंड्यातील उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटात ओढला जातो. बाहेर आल्यावर या बलकावर पिलू दोन-तीन दिवस काढू शकते. कोंबडीखालची सगळी अंडी एकाच घटकेला फुटत नाहीत. आधी निघालेल्या पिलांनी मागच्यांची वाट पाहत आईच्या पंखाखाली थांबावे आणि तोवर उपाशी मरू नये, यासाठी ही योजना आहे. माणसाने या योजनेचा उपयोग व्यापारासाठी केला. अमेरिकेत 1892 साली न्यू जर्सी राज्यातील जोसेफ विल्सन या उबवणी केंद्राच्या मालकाने पिले रेल्वेने दूर पाठवून पाहिली, आणि 1918 पासून तेथील टपाल खाते पिलांच्या पेट्या रीतसर स्वीकारू लागले. त्या पेट्या 72 तासांच्या आत पोचल्या पाहिजेत असा दंडक आहे. आपल्याकडे अशा पेट्या रेल्वेच्या पार्सलातून, मोटारींतून आणि बसच्या टपावरूनही फिरतात.

परंतु शिदोरी आहे म्हणून प्रवास सुखाचा होतो असे नव्हे. बलक भूक भागवितो. वाऱ्यापासून, उन्हापासून आणि तहानेपासून तो वाचवू शकत नाही. 2025 साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात टपालाच्या एका गाडीत सुमारे 12000 पिले तीन दिवस तशीच राहून गेली. हजारो पिले मेली, आणि जी वाचली त्यांना सांभाळता सांभाळता तेथील प्राणि-आश्रयगृहाची तारांबळ उडाली. एवढी यंत्रे, एवढे रस्ते आणि एवढा पैसा असलेल्या देशातही पेटी विसरली गेली, की पिलाचे काही चालत नाही. मग आपल्या आडवाटेच्या गावी पोचलेल्या पेटीत चार-सहा पिले माना टाकलेली निघाली, तर त्यात नवल कसले? प्रश्न एवढाच उरतो, की पेटी उघडणाऱ्या हाताने पुढे काय करावे.

प्रथम पिलाची अवस्था ओळखावी. पिलू हाताला गार लागते आणि अखंड, कर्कश चिवचिवते किंवा अगदीच गप्प असते, तेव्हा ते गारठलेले असते. पिलू चोच उघडी टाकून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, तेव्हा ते उन्हाने किंवा कोंदट हवेने तापलेले असते. बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात हा दुसरा प्रकार अधिक घडतो. अशा तापलेल्या पिलाला दिव्याखाली ठेवणे म्हणजे आगीतून काढून फुफाट्यात टाकणे होय. त्याला प्रथम सावलीत, मोकळ्या हवेत ठेवावे. अंगावर गार पाणी मात्र ओतू नये. पायांची कातडी सुकून सुरकुतलेली आणि डोळे खोल गेलेले दिसले, तर पिलाच्या अंगातील पाणी आटले आहे असे समजावे.

गारठलेल्या पिलासाठी उबेची व्यवस्था करावी ती अशी. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर 32 ते 35 अंश सेल्सिअस एवढी ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवीत न्यावी. याचे कारण असे, की अंगावर खरी पिसे येईपर्यंत पिलू स्वतःच्या शरीराची उष्णता नीट राखू शकत नाही; अंगावरची लव त्या कामी अपुरी पडते. एखाद्या खोक्याच्या एका कोपऱ्यावर 60 किंवा 100 वॅटचा साधा दिवा टांगला म्हणजे काम भागते. दिवा खोक्याच्या मधोमध टांगू नये, एका बाजूला असावा. म्हणजे पिलाला नको वाटेल तेव्हा दुसऱ्या बाजूस सरकता येते. तापमापक घरात नसला तरी अडत नाही, कारण पिलेच तापमापकाचे काम करतात. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर ऊब कमी आहे; दिव्यापासून दूर पळून धापा टाकू लागली तर ऊब जास्त आहे; आणि सगळीकडे सारखी पसरून हळुवार किलबिल करू लागली तर ऊब बेताची आहे.

येथे एक धोक्याची सूचना द्यावयास हवी. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवण्याची चूक पुष्कळ घरांतून होते. कोळशाच्या अर्धवट ज्वलनातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. तो पिलांना मारतो आणि त्याच खोलीत निजलेल्या माणसांनाही मारतो. त्यापेक्षा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिलांशेजारी ठेवाव्यात आणि दर दोन-अडीच तासांनी पाणी बदलावे. रात्रीची झोप मोडते हे खरे. परंतु धोका टळतो.

ऊब लाभली आणि पिलू थोडे हुशारले, की मग पाणी. पाणी उकळून निववलेले असावे. फ्रीजमधले किंवा माठातले थंडगार नसावे. पहिल्या काही तासांपुरती त्यात साखर किंवा गूळ घालावा. एक लिटर पाण्यास 80 ग्रॅमपर्यंत साखर पुरे होते. दुसऱ्या दिवसापासून साधे पाणी द्यावे. कारण गोड पाणी फार काळ चालू ठेवले तर पिलांना पातळ हगवण लागते. क्षारांची तयार पूड पशुवैद्याकडून मिळाली तर उत्तमच. प्रत्येक पिलाची चोच एकदा पाण्यात अलगद बुडवून दाखवावी. पिलू चोच वर करून घोट घेते आणि पाणी म्हणजे काय हे त्याला कळते. आईजवळ असते तर ते आईचे पाहून शिकले असते.

पिलू चोच बुडवूनही पीत नसेल, तर माणसाला घाई होते आणि तो चमच्याने पाणी तोंडात ओततो. असे कदापि करू नये. पिलाच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असते. ओतलेले पाणी त्यातून फुप्फुसात उतरते आणि तहानेने न मेलेले पिलू पाण्याने मरते. काडीच्या किंवा बोटाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब घ्यावा आणि तो चोचीच्या कडेला लावावा. पिलू तो आपण होऊन चाटून घेते. मग थोड्या वेळाने दुसरा थेंब. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात स्वच्छ खडे घालावेत. नाही तर अशक्त पिलू त्यातच तोल जाऊन बुडते.

दाण्याची वेळ पाण्यानंतर दोन-तीन तासांनी येते. पहिल्या दिवशी मक्याची बारीक भरड कागदावर पसरावी आणि तिच्यावर बोटाने टकटक करावी. चोचीच्या आवाजासारखा तो आवाज ऐकून पिले धावतात. दुसऱ्या दिवसापासून पिलांचे तयार खाद्य सुरू करावे. नुसत्या भरडीवर पिलांची वाढ होत नाही.

आता फाकलेल्या पायांकडे वळू. अंड्यातून निघतानाची अडचण, पेटीचा गुळगुळीत तळ, किंवा खोक्यात अंथरलेले निसरडे वर्तमानपत्र अशा कारणांनी पिलाचे पाय दोन बाजूंना घसरतात आणि कोवळे सांधे तसेच वळू लागतात. उपाय सोपा आहे; मात्र तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच झाला पाहिजे. मऊ कापडाची अरुंद पट्टी किंवा जखमेवर लावावयाची चिकटपट्टी घ्यावी आणि दोन्ही पाय स्वाभाविक अंतरावर, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटरांवर राहतील असे सैलसर बांधावेत. गाठ आवळू नये. पायाला सूज किंवा काळेपणा दिसला तर पट्टी तत्काळ सोडावी. खाली गोणपाट किंवा खरखरीत फडके अंथरावे, म्हणजे नखांना पकड मिळते. दिवसातून दोन-चार वेळा पिलाला हाताचा आधार देऊन उभे करावे. तीन-चार दिवसांत पुष्कळ पिले चालू लागतात. मोडलेले हाड किंवा उघडी जखम ही निराळी गोष्ट. तेथे घरगुती कारागिरी करू नये. मध्य प्रदेशात 2023 पासून 1962 या दूरध्वनी क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलाविता येते. त्याचा लाभ घ्यावा.

प्रवासातून आलेल्या पिलांची आणखी एक पीडा आहे. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळते आणि मार्ग बंद होतो. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण तिच्यामुळे पिलू दोन दिवसांत मरते. ती खपली ओढून काढू नये, कातडी सोलवटते. कोमट पाण्यात भिजविलेला कापूस लावून ती मऊ करावी, हलकेच पुसावी आणि पिलू पुरते कोरडे करून मगच दिव्याजवळ ठेवावे. अशा वेळी बेंबीही पाहावी. बेंबी ओलसर आणि घाण वासाची असेल तर आत जंतूंचा शिरकाव झालेला असतो, आणि असे पिलू सहसा जगत नाही.

दुबळ्या पिलाला इतरांपासून वेगळे ठेवावे, यात दोन हेतू आहेत. पिलांना रक्ताचा किंवा जखमेचा लाल ठिपका दिसला, की ती त्यावर चोची मारीत सुटतात. ती दुष्टाई नव्हे. त्यांची जातच तशी. दुसरे म्हणजे रोग असलाच तर तो इतरांस लागू नये. परंतु पिलू अगदी एकटेही टाकू नये. खोक्यात मधे जाळी लावावी, म्हणजे त्याला सोबत्यांची किलबिल ऐकू येते. एकटेपणानेही पिलू खचते. घरात आधीच्या कोंबड्या असतील तर नव्या पिलांना त्यांच्यापासून काही आठवडे दूर ठेवावे. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजेच राणीखेत रोगाची, पहिली लस द्यावी. पिले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मुलांनी पिले तोंडाजवळ नेऊ नयेत; वरून निरोगी दिसणाऱ्या पिलापासूनही माणसाला पोटाचे विकार जडतात.

फोपनारच्या त्या घरात पहिली रात्र कशी गेली असेल, याची कल्पना आता करता येईल. मध्यरात्री वीज गेली. सून उठली, तिने चुलीवर पाणी तापविले आणि बाटल्या भरल्या. नातू गोधडी पांघरून खोक्याशी बसून राहिला. त्याने विचारले, “आजी, आपली खुडूक कोंबडी आहे ना? तिच्या पंखाखाली ठेवू का याला?” आजी म्हणाली, “धडधाकट पिलू असतं तर रात्री हळूच सारलं असतं रे. पण पाय बांधलेलं पिलू तिच्या पायाखाली चेंगरेल. आज तूच त्याची कोंबडी.” एवढे ऐकून मुलगा तेथेच पहाटेपर्यंत जागला.

सकाळी मान टाकलेल्या पाचांपैकी दोन पिले मरून पडली होती. तिसऱ्याची बेंबी सुजलेली होती. ते डोळे उघडीत नव्हते, थेंब चाटीत नव्हते, आणि श्वासागणिक तडफडत होते. बोलावलेल्या पशुवैद्याने ते पाहिले आणि सुनेला बाजूला घेऊन सांगितले, की याचा त्रास वाढवू नये. शुश्रूषेच्या पुस्तकी गोष्टींत हे पान बहुधा नसते. परंतु ते असले पाहिजे. ज्याला वाचविण्याची काही आशा आहे त्याच्यासाठी रात्र जागवावी, आणि ज्याचे केवळ हाल उरले आहेत त्याला जाणत्याच्या हातून सोडवावे. दोन्हींच्या मुळाशी दयाच आहे. दुर्लक्ष करून उकिरड्यावर जिवंत पिलू फेकणे मात्र यांपैकी कशातच बसत नाही. नातू रडला. आजीने त्याला रडू दिले. मग आदल्या दिवशीच्या तीन पिलांसह सगळी मेलेली पिले खोल खड्ड्यात चुना टाकून पुरण्यात आली, कुत्र्यामांजरांच्या तोंडी जाऊ दिली नाहीत.

उरलेली दोन पिले दुपारपर्यंत मान धरू लागली आणि संध्याकाळी भरड टिपू लागली. पाय फाकलेल्या पिलाची पट्टी चौथ्या दिवशी सोडली. ते उभे राहिले, एकदा कोलमडले, पुन्हा उठले आणि आपल्या सोबत्यांकडे वेड्यावाकड्या पावलांनी धावत गेले. पन्नासांपैकी चव्वेचाळीस पिले जगली. व्यवहारी शेजारी म्हणेल, एका रात्रीच्या जागरणाने तीन पिले वाचली. त्यांची किंमत ती काय? कर्जाच्या हप्त्याला ती तीन पिलेही उपयोगी पडतात, हे सून जाणते. परंतु हिशेब एवढ्यावरच संपत नाही. दहा वर्षांचा एक मुलगा त्या चार दिवसांत थेंबाथेंबाने पाणी पाजावयास शिकला, हात धुवावयास शिकला, न बोलता जागावयास शिकला. आणि सगळे काही करूनही काही जीव हातचे जातात, हेही शिकला. ही शिकवण शाळेच्या चार भिंतींत क्वचितच मिळते.

एक गोष्ट मागविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. शुश्रूषेची खरी सुरुवात पेटी येण्याच्या आधी होते. पिले कोणत्या दिवशी, किती वाजता निघणार. प्रवास किती तासांचा. पेटीला वारा खेळण्यास भोके आहेत की नाहीत. पहिल्या दिवशीची मरेक रोगाची लस टोचली आहे की नाही. हे सारे पाठविणाऱ्यास आधी विचारावे. ऐन उन्हाळ्यात पिले मागवू नयेत. मागवावीच लागली तर ती रात्रीच्या प्रवासाने यावीत. दिवा, पाणी आणि अंथरूण यांची सिद्धता पेटी येण्यापूर्वी एक दिवस करून ठेवावी. घरी पाहुणा आल्यावर चूल पेटविण्यापेक्षा आधी पेटवून ठेवणे केव्हाही बरे.

श्रोतेहो, अंड्यातून निघालेल्या पिलाला आई नसते, घर नसते. असते ते दोन-तीन दिवसांच्या शिदोरीचे बोचके. एवढ्या भांडवलावर ते शेकडो किलोमीटर येते आणि कोणा अनोळखी माणसाच्या ओसरीवर त्याची पेटी उघडली जाते. त्या क्षणी ते ज्याच्या ओंजळीत येते, त्या हाताला ऊब असावी, एवढीच त्याची मागणी असते. फोपनारच्या आजीने ती मागणी ओळखली. टाकावयाचे की ठेवावयाचे हा प्रश्न तिने उद्यावर टाकला, आणि त्या एका रात्रीच्या अवधीत तीन जीव तरून गेले.